कळवतो म्हणून गेलेली गिऱ्हाइकं

मुलीजवळ राहायला जायचं, तर हा फ्लॅट विकणं भाग होतं. पण सहा महिन्यांत अकरा गिऱ्हाइकं आली, उजेडाचं कौतुक करून, चहा पिऊन, "कळवतो" म्हणून गेली ती गेलीच. निवृत्त हेडमास्तर अगदी मेटाकुटीला आले होते.

बारावी आलेली बँकेतली बाई मात्र स्पष्टच बोलली. "काका, घर आवडलं हो. पण एवढे पैसे गुंतवायचे, तर उद्या भाव वाढायला नको का? इथेच राहणाऱ्या कुणीतरी इंटरनेटवर लिहून ठेवलंय. लिफ्ट बंद, पाण्याची बोंब, भिंतींना ओल. चार वर्षांपूर्वीचं आहे, पण घर बघायला निघालेला प्रत्येक जण आधी तेच वाचतो."

"अहो, ते सगळं केव्हाच दुरुस्त झालंय! कुणाच्या पोटात दुखतंय एवढं? नाव सांगा, आत्ता जाऊन खडसावतो त्याला!" मास्तर कडाडले.

"अहो, हळू," आतून बायको म्हणाली.

"नाव नाही लिहिलेलं. पुराव्याला फोटो तेवढा जोडलाय," म्हणत बाईने मोबाइल त्यांच्यापुढे धरला.



फोटोत ओल धरलेली भिंत होती, आणि त्या भिंतीवर मास्तरांचा नि त्यांच्या बायकोचा लग्नातला फोटो.