चार सोपे प्रश्न

“आज वार कोणता?”

“शुक्रवार.”

“रविवार, गं येडे! म्हण, रविवार.”

“रविवार,” प्रांजल म्हणाली आणि टेम्पोच्या चाकाशी पुन्हा ओकली.

मारुतरावांनी लेकीचं तोंड पुसलं आणि इकडंतिकडं बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. सकाळच्या कबड्डीत पकड झाली तेव्हा पोरगी डोक्यावर आपटली होती. तेव्हा डॉक्टरीणबाई मैदानात आल्या नव्हत्या म्हणून निभावलं. आता त्या येऊन बसल्या होत्या, आणि संघातल्या शितलनं त्यांच्याकडं जाऊन चुगली केली होती. बाई डोक्याला लागलेल्या प्रत्येकीला तेच चार प्रश्न विचारायच्या. नाव, गाव, वार आणि मागचा सामना कुणी जिंकला. केडगावच्या रुबीचे दोन चुकले. तिचा बाप इक्बाल मुकाट्यानं तिला घेऊन घरी गेला. मारुतरावांना त्याची कीवच आली. एवढे सोपे प्रश्न, आन् गड्याला पोरीकडून पाठ करून घेता येऊ नयेत?

“पप्पा, डोकं लय दुखतंय.”

“दुखू दे. जिल्ह्याचा संघ निवडणारे साहेब शिरूरला रोज येत्यात व्हय? एवढी फायनल खेळ, मग झोप खुशाल. हां, पहिल्यापासनं म्हण.”

पोरगी गुणाची. बाईंपुढं उभी राहिली आणि पाढे म्हणावेत तसं म्हणाली, “प्रांजल मारुतराव दिवेकर. वरवंड. रविवार. आम्ही जिंकलो.”

चारही उत्तरं बरोबर, पोरगी पायावर उभी. बाई तरी काय करणार? त्यांनी मान डोलावली. मारुतरावांनी शितलकडं बघून मिशीवर हात फिरवला. वा रे बाप!

दुसऱ्याच चढाईला प्रांजलला समोरच्या पोरीचा खांदा लागला. लागला म्हणावं असंही काही नव्हतं. पण ती पडली ती उठलीच नाही.

पुण्याच्या दवाखान्यात तिनं डोळे उघडले, तेव्हा रुबी म्हणे पुन्हा सरावाला जायला लागली होती. मारुतराव लेकीच्या तोंडावर वाकले.

“बाळा, ओळखलंस का? मी कोण हाय?”

“प्रांजल मारुतराव दिवेकर. वरवंड. रविवार. आम्ही जिंकलो.”

“ते न्हाई गं. माझ्याकडं बघ. मी कोण?”

तिनं बराच वेळ बघितलं. मग उत्तर न आलेल्या पोरीसारखी ओशाळली.

“ह्याचं उत्तर पप्पांनी न्हाई सांगितलं, काका.”