सहा बाईट

"थांब! बोट उचल आधी!"

अबू रामिझ ओरडला तशी लुजैन दचकली. एंटरच्या बटणावर टेकलेलं बोट तिने मागे घेतलं.

सकाळपासून इस्पितळाचा हा म्हातारा तंत्रज्ञ तिच्या मानगुटीवर बसला होता. इस्पितळातल्या किरणोपचाराच्या यंत्राचा संगणक चालू होत नव्हता. त्याची डिस्क काढून लुजैनने आपल्या लॅपटॉपला जोडली होती. दोष साधाच होता. डिस्कच्या अगदी सुरुवातीला संगणकाला जागं करणारा मजकूर असतो, तो बिघडला होता. तो नव्याने लिहायचा. बाजारातल्या आपल्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानात तिने हे शेकडो वेळा केलं होतं. तरी आज घाई होती. अकराला वीज जाणार होती.

बाहेर पेशंट बसले होते. सगळ्यांत पुढे उम्म हैदर, 'माते' नावाच्या कडू चहाच्या पेल्यातली नळी तोंडात धरून. तिचे पंचवीसपैकी चौदा दिवस झाले होते. मध्ये खंड पडला तर गाठ पुन्हा डोकं वर काढेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"पोरी, होतंय का काही?" ती बाहेरून ओरडली. "का दमास्कसला जायला गाढव बघू एखादं?"

कुणी हसलं नाही. शेजारच्या खोलीत दुसरं यंत्र चादरीखाली उभं होतं. तीन वर्षांपूर्वी विजेच्या झटक्याने ते गेलं, तेव्हापासून गावचे निम्मे पेशंट दमास्कसलाच जात होते. काही परत आले नव्हते.

"किती बाईट लिहितेयस?" अबू रामिझने विचारलं.

"चारशे सेहेचाळीस. सगळे तेवढेच लिहितात, उस्ताद. त्याच्या पुढे डिस्कच्या भागांचा नकाशा असतो, त्याला धक्का लागत नाही."

"आणि चारशे चाळीसनंतर काय असतं?"

"डिस्कचा नंबर. चार बाईट. पुढचे दोन रिकामे. पण त्यावाचून कुणाचं अडतंय?"

"ह्याचं अडतं. यंत्राचा प्रोग्राम त्या नंबरावरूनच डिस्क ओळखतो. नंबर पुसला की उघडतच नाही. आणि यंत्राची कंपनी निर्बंधांमुळे आपल्या देशाच्या पत्रांना उत्तर देत नाही, बाई."

बाहेर नळीचा फुर्रफुर्र आवाज चालूच होता.

"नंबर वाच," तो म्हणाला. तिने वाचला. त्याने तो भिंतीवर लिहिला. मग यंत्राच्या पेटीवर. मग स्वतःच्या तळहातावर.

"परत वाच."

"उस्ताद, तुम्ही तर ताकसुद्धा फुंकून पिताय!"

त्याने पडद्याकडे बोट केलं. तिने परत वाचला. मग चारशे चाळीस लिहून एंटर दाबलं आणि डिस्क परत यंत्राच्या संगणकात बसवून तो चालू केला. पडदा काळाच राहिला. बाहेरचा नळीचा आवाजही थांबला. मग पडदा उजळला.

प्रोग्राम उघडला. पहिलंच नाव उम्म हैदरचं होतं. लुजैनने ते मोठ्याने वाचलं.

बाहेर बायकांनी आनंदाने एकच किलकारी मारली. लुजैनला हसू आणि रडू एकदमच आलं. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"उस्ताद, वीज आहे तोवर ते चादरीखालचंही बघू का? झटक्याने काय जळलंय ते तरी कळेल."

अबू रामिझ तळहातावरचा नंबर बघत होता.

"त्यातलं काहीच जळलेलं नाही," तो म्हणाला. "त्याच्यावर मी चारशे सेहेचाळीस लिहिले होते."