टेबलावर खणलेले खड्डे

"एक्केचाळीस खड्डे, आणि एक्केचाळीसही सारखे!" मिरेलाबाई संगणकाच्या पडद्यावर बोट आपटत म्हणाल्या. "वर पन्नास सेंटिमीटर काळी, खाली पिवळी. अगं रुक्सांद्रा, माती काय साच्यातून काढतात?"

रुक्सांद्रा पडद्याकडे वाकली. तीन जिल्ह्यांच्या कार्यालयांनी जागोजाग खड्डे खणून, थर नोंदून केलेले आपापले जुने मातीचे नकाशे संगणकात भरले होते. ते कडेला कड लावून जोडायचं काम तिचं. बाकीचे मुकाट जुळले. पोयाना गावाचा तेवढा अडला. शेजारच्या जिल्ह्यातली चिकणमाती हद्दीपर्यंत यायची आणि पोयानाच्या नकाशाच्या पत्रकात शिरताच काळीभोर व्हायची.

पत्रकावर सही होती तिबेरियु मुंत्यानु यांची. उन्हाळा १९९३.

"तुझे बाबा म्हणून आधी तुला दाखवलं," मिरेलाबाईंनी आवाज उतरवला. "हे टेबलावर खणलेले खड्डे आहेत. शुक्रवारी बुखारेस्टला मुख्य कार्यालयात कळवायचंय. एक जरी खड्डा जागेवर खणलेला सापडला, तर शंकास्पद असा शेरा मारून पत्रक ठेवता येईल. नाहीतर पत्रक रद्द आणि नावानिशी जाहीर चौकशी. वाईट वाटतं गं, पण माझ्या हातात नाही."

संध्याकाळी तिनं भीतभीतच बाबांना सांगितलं. म्हातारा चिडेल असं तिला वाटलं होतं. तो हसला.

"हो, बसल्या जागी लिहिले. उंटावरून शेळ्या हाकल्या," तिबेरियु मक्याची उकड ताटात थापत म्हणाला. "एकही खणला नाही. करा रद्द. आता उपग्रहाच्या फोटोंवरून नवा नकाशा होतो ना? चिखल तुडवायला कुणी जायलाच नको."

"बाबा, गाव तोंडात शेण घालेल!"

"घालू दे. या वयात चव कुठे कळते?"

तिला संताप आला, आणि रडूही. ज्या माणसानं तिला एकट्यानं वाढवलं, जाड बोटांनी तिच्या वेण्या घातल्या, त्याचं नाव असं मातीत जायचं! ती सात वर्षांची असताना आई इटलीला निघून गेली, ती त्याच उन्हाळ्यात. पुन्हा एक ओळसुद्धा आली नाही. बाबा मात्र कधी वाईट बोलला नाही, फार तर थट्टा करायचा: "जूनच्या उन्हात लाल लोकरी कोट घालून गेली. वर ते बदकाचं बटण! रोममध्ये मिरवत असेल." कोटाचं एक बटण हरवलं होतं. आईनं रुक्सांद्राच्या फ्रॉकचं पिवळं बदक उसवून तिथे शिवलं होतं. खरं सांगायचं तर आईपेक्षा त्या बदकासाठीच ती जास्त रडली होती.

बायको टाकून गेली त्या उन्हाळ्यात खड्डे तरी कुणी कसे खणावेत? एखादा, निदान एखादा तरी त्यानं खणला असेल. तिनं तीन दिवसांची रजा टाकली, माती काढायचं गिरमीट गाडीत घातलं आणि पोयाना गाठलं.

पत्रकावर दाखवलेल्या खड्ड्यांपैकी पहिल्या दिवशी नऊ तपासून झाले, दुसऱ्या दिवसाअखेर एकूण अठरा. एकाही जागी फावडं लागल्याची खूण नव्हती. माती देवानं ठेवली तशीच. रोज रात्री घरी परतल्यावर जेवताना बाबा विचारायचा, "किती झाले?"

"अठरा."

"पुरे कर बाई. हाताला फोड आलेत बघ. लिहून टाक सगळे खोटे, मी सही करतो खाली."

"तुमचा हट्ट तसा माझाही हट्ट. कुणाची मुलगी आहे?"

तो मान खाली घालून जेवत राहिला.

गुरुवारी दुपारपर्यंत सव्वीस झाले. सत्ताविसावा बाभळींच्या मागे होता, वाटेपासून लांब. तिनं आशा सोडलीच होती. गिरमीट वर आलं तेव्हा आधी तिला कळेचना: काळी, मग पिवळी, मग पुन्हा काळी, सगळी कालवलेली. लहानपणी बाबानंच शिकवलं होतं, एकदा उपसलेली माती पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही. शंभर वर्षांनीही चुगली करते.

म्हणजे खड्डा खणला होता! बाबानं खणला होता! तिथेच फतकल मारून ती रडली आणि रडता रडताच तिनं फोन लावला.

"खोटारडे कुठले! सत्ताविसावा खरा आहे, बाबा! तुमचं नाव राहिलं!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"किती खोल गेलीस?" त्यानं विचारलं.

"ऐंशी सेंटिमीटर."

"मग झालं की. ये घरी. सूप गार होतंय."

"नियमाला मीटरभर लागतं. थोडंच राहिलंय."

"रुक्सा, ऐक माझं. जन्मात एवढं एकदा ऐक."

"आलेच हो!" ती हसली. म्हाताऱ्याला कौतुक कधी सोसवलंच नाही. तिनं फोन गवतावर ठेवला आणि दोन्ही हातांनी गिरमीट दाबून फिरवलं. खाली काहीतरी अडलं. तिनं सगळा भार टाकला, ते सुटलं, वर आलं. बाबानं शिकवलं होतं तसा तिनं अंगठ्यानं चिखल हळूच निपटला. काळी माती, पिवळी माती, लाल लोकरीचे चार धागे, आणि त्यांत अडकलेलं एक पिवळं बदक.