विधवेची ओटी

इंगवले सरांनी कल्याणीची असाइनमेंट टेबलावर आपटली. "कादंबरीतली नणंद विधवा भावजयीच्या पदरात तांदूळ आणि नारळ घालते, ते दान आहे. साइटवर सरळ लिहिलंय, गरिबीचं प्रतीक म्हणून. तू हे बंडबिंड कुठून काढलंस?"

एम.ए. इंग्रजीच्या बाकी सगळ्या वर्गाने तेच लिहिलं होतं, त्याच परदेशी साइटवरून, त्याच शब्दांत. मूळ पुस्तक कुणी उघडलंही नव्हतं.

"सर, ती ओटी आहे. पुस्तक इंग्रजीत असलं तरी माणसं आपलीच आहेत ना? आणि आपल्याकडे विधवेची ओटी कुणी भरतं का?"

सरांनी आवाज खाली आणला. "ते तुला-मला ठाऊक. पेपर तपासणाऱ्याला काय त्याचं? उगाच शहाणपणा करू नकोस, मार्क जातील."

कल्याणीच्या डोळ्यांसमोर आई उभी राहिली. बाबा गेल्यापासून प्रत्येक हळदीकुंकवाला आई स्वयंपाकघरात कपबशा विसळत बसायची, बाहेर यायची नाही. कादंबरीच्या लेखिकेने इंग्रजीतल्या एका ओळीत अशा बाईचा पदर भरला होता, आणि साइटने तिला भिकारीण करून टाकलं होतं.

"जाऊ देत मार्क," ती म्हणाली.

"अगं, पण संदर्भ काय देणार? कुठल्या साइटवर आहे हे?"

"आज कुठेच नाहीये, सर." तिने मोबाइल काढला आणि टेबलावरच्या आपल्या पानांचे फोटो घ्यायला लागली. "उद्या शोधा. सापडेल."