त्यातली नेमकी कोणती?

बँकेचा अधिकारी खाली गाडी लावत होता, तोवर सुलक्षणाने वर जाऊन बेल वाजवली. दार सोनटक्केनेच उघडलं.

याच माणसाच्या वेबसाइटवरून तिने काही वर्षांपूर्वी घाऊक भावात साड्या मागवल्या होत्या. गठ्ठ्यांतून चिंध्या निघाल्या, त्याचा फोन बंद झाला आणि तिचं दुकान उघडण्याआधीच बसलं. त्यानंतर ती शहाणी झाली. जीएसटी क्रमांक तपासल्याशिवाय, गोदाम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिने कुणाचा माल उचलला नाही. दुकान पुन्हा उभं राहिलं, चाललं. घर घ्यायची वेळ आली तेव्हाही दलालांच्या जाहिराती सोडून ती थेट बँकेच्या लिलावाच्या वेबसाइटवर गेली. तिथे जप्त घरांमध्ये त्याचं नाव दिसलं. मग तिने दुसरं घर पाहिलंच नाही.

आत त्याची म्हातारी आई खोक्यात भांडी भरत होती. तिचे थरथरते हात पाहून सुलक्षणाचा राग निवळू लागला. ‘राहा हवं तर महिनाभर,’ हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते.

“मला ओळखलंत?” तिने विचारलं. “साड्यांऐवजी चिंध्या पाठवल्या होत्यात मला.”

तो खरोखरच आठवू लागला.

“राग मानू नका ताई,” शेवटी तो म्हणाला, “पण तशा पुष्कळ बायका होत्या. तुम्ही त्यातल्या नेमक्या कोणत्या?”

“हे घर जिने घेतलं ती,” सुलक्षणा म्हणाली. “संध्याकाळच्या आत रिकामं करा.”