फटका की चूक

कोल्बीने मारलेला चेंडू अगदी साधा होता. गडगडत गेला, समोरच्या पोराने वाकून ग्लोव्ह पुढे केला, आणि चेंडू त्याच्या दोन्ही पायांमधून सरळ मागे गवतात गेला. कोल्बी पहिल्या बेसवर पोहोचला तेव्हा त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता.

"पोचला! शाब्बास रे माझ्या वाघा!" त्याची आई केंड्रा खुर्चीतून ओरडली. मग तिचं लक्ष हातातल्या फोनकडे गेलं.

पोरांच्या बेसबॉल संघाची नोंद फोनवर ठेवायचं काम तिच्याकडे होतं. पोराने स्वतःच्या बळावर बेस गाठला तर 'फटका' दाबायचं, समोरच्याच्या गलथानपणामुळे गाठला तर 'चूक'. फटका पोराच्या नावावर चढतो, चुकीचं श्रेय कुणालाच नाही. आणि कोल्बीच्या नावावर महिनाभरात बॅटिंगच्या एकोणीस खेपा आणि फटक्यांचा भोपळा. कोचने त्याला सगळ्यांत शेवटी खेळायला टाकलं होतं. आज सकाळीच हॉटेलात वॉफलची बशी बाजूला सारत कोल्बी म्हणाला होता, "पुढच्या वर्षी माझं नाव नको घालूस." अकरा वर्षांचं पोर, चार तास गाडी हाकून स्पर्धेसाठी तुल्साला आणलेलं.

"फटका दे की गं," शेजारी बसलेला ग्लेन सूर्यफुलाच्या बिया चघळत म्हणाला. त्याचा मुलगा याच संघात होता. "नोंद माझ्याकडे असती ना, तर माझं कार्टं एव्हाना टीव्हीवर दिसलं असतं."

"गप रे."

पण तिने फटकाच दाबला. आईच ती.

डाव संपला तशी पोरं पाणी प्यायला खुर्च्यांसमोरच्या जाळीपाशी आली. प्रत्येक खेपेनंतर जाळीला नाक लावून 'माझं काय लिहिलं' विचारायची या पोरांना खोडच असते. कोल्बीने महिनाभर विचारलं नव्हतं. आज विचारलं.

"काय लिहिलंस?"

"फटका!" ती जरा जास्तच हसून म्हणाली.

तो हसला नाही. "आई, त्याच्या पायांमधून गेला चेंडू."

"गेला असेल. पण तू केवढा पळालास!"

"तो पोरगा तिकडे रडला. सगळ्यांनी पाहिलंय. बदल ते."

"राहू दे ना रे राजा. एवढ्या दिवसांनी..."

"नको म्हटलं ना!" त्याने जाळी गच्च धरली. डोळे भरून आले होते, पण तो मागे हटला नाही. "मग माझा खरा बसेल तेव्हा काय लिहिणारेस? हेच?"

पोरगं खचलंय असं धरून केंड्रा महिनाभर जपून बोलत होती, आणि हे तर चक्क भांडत होतं. तिला इतकं बरं वाटलं की हसावं की रडावं कळेना. तिने त्याच्यासमोरच नोंद बदलली. कोल्बीने जाळीतून डोकावून खात्री करून घेतली. वीस खेपा, शून्य. मान डोलावून तो मैदानात पळाला.

"काय बाई तू!" ग्लेनने कपाळावर हात मारला. "पोटच्या पोराचा फटका काढून घेतलास?"

"मी नाही. त्यानेच परत केला."

शेवटच्या डावात कोल्बी पुन्हा बॅट घेऊन आला. पहिल्याच चेंडूवर त्याने बॅट एवढ्या जोरात फिरवली, की चेंडू राहिला बाजूला आणि हा गर्रकन फिरून खाली बसला. पलीकडच्या खुर्च्यांमधून कुणीतरी हसलं. कोल्बी उठला, पँट झटकली आणि मघापेक्षा एक पाऊल पुढे येऊन उभा राहिला.

केंड्रा उठली. फोन तिने ग्लेनच्या मांडीवर टाकला.

"अगं, हे काय?"

"ही खेप तू लिही, आणि खरं लिही," जाळीकडे जाता जाता ती म्हणाली. "महिनाभर मी आकडेच बघत बसलेय. पोराला बघायचंच राहिलंय."