दुसरा नंबर

सर्व्हर तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाईंनी झाकण उघडलं, मेमरीच्या पट्ट्या काढल्या, एकच ठेवली आणि बटण दाबलं. तीन लांब शिट्ट्या, एक आखूड. पट्टी बदलली, तेच. जागा बदलली, तरी तेच. म्हणजे पट्ट्या शाबूत होत्या. दुखणं खालच्या बोर्डात होतं आणि ते काही त्यांच्या हातातलं नव्हतं.

एक्स-रेवाल्याने दारातून डोकं आत घातलं. काही अडल्याशिवाय हॉस्पिटलच्या या तळघरात कुणी उतरत नसे.

"बाई, पाच वाजता एका मुलीचं ऑपरेशन आहे. तिच्या जुन्या फिल्म सगळ्या ह्याच्यातच. त्या बघितल्याशिवाय सर्जन हात लावायचे नाहीत."

"कंपनीला फोन लावतेय."

"लावा लवकर. ती माणसं आधी तासभर पिडतात."

ते बाईंना ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी आधी कागद ओढला. मशीनच्या मागे वाकून, बॅटरीच्या उजेडात, मशीनचा अनुक्रमांक उतरवला. कधी बिघडलं, कुठला दिवा पिवळा झाला, कुठली पट्टी कुठे लावून पाहिली, सगळं लिहिलं. कंपनीवाले काय काय विचारतील ते स्वतःलाच विचारलं आणि उत्तरंही दिली, चांगली मोठ्याने. आठवडाभरात त्या पहिल्यांदाच इतकं बोलत होत्या.

मग मोबाइलवरून फोन लावला. कंपनीचा माणूस आवाजावरून तरुण वाटला.

"मॅडम, पट्ट्या एकेक करून..."

"पाहिल्या. लिहून घ्या." त्यांनी कागद वाचून दाखवला.

"माझं सगळं काम तुम्हीच करून ठेवलंत की!" तो हसला. "बोर्डच गेलाय. आमचा माणूस तीनपर्यंत नवा घेऊन पोचेल."

बाईंनी दाराकडे बघून तीन बोटं दाखवली. पुन्हा दारात डोकावलेल्या एक्स-रेवाल्याचा जीव भांड्यात पडला.

"आता पर्यायी संपर्क सांगा. तुम्ही नाही भेटलात तर फोन कुणाला करायचा?"

"मी इथेच आहे."

"तरी दुसरा नंबर लागतोच, मॅडम. त्याशिवाय तक्रार पुढे सरकत नाही. घरचं कुणीही चालेल."

बाईंनी मोबाइलवर तळवा ठेवून एक्स-रेवाल्याकडे पाहिलं. "तुमचा नंबर देऊ का हो?"

"माझा? कशाला?"

"मी नाही भेटले तर."

"तुम्ही कुठे जाताय!" एक्स-रेवाला हसला आणि बातमी द्यायला दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाला.

बाईंनी मोबाइलवरचा तळवा काढला. मग टेबलावरच्या फोनला चिकटवलेला नंबर त्यांनी सावकाश वाचला.

"हे कोण?"

"इथलेच."

"एक मिनिट हं. नंबर तपासून घ्यावा लागतो."

टेबलावरचा फोन खणखणला. बाईंनी मोबाइल पालथा घातला, पदराने रिसीव्हर पुसला आणि उचलला.

"हॅलो, मॅडम भेटल्या नाहीत तर तुम्ही असाल ना?"

"असेन," बाई म्हणाल्या.

"मॅड..." तो म्हणता म्हणता थांबला. मग हळूहळू, एकेक अक्षर टाइप केल्याचा आवाज येत राहिला.